चहाच्या उत्पादन-निर्यातीचे आकडे कसे वाचावेत आणि उत्पादक देशांच्या सहकार्याचे प्रस्ताव कसे पारखावेत

चहाचे उत्पादन वाढले, निर्यात घटली, चहा पिकवणारे देश एकत्र येऊन भाव सावरणार, अशा बातम्या दरवर्षी येतात. त्यांतील आकडे बहुधा खरे असतात, पण त्यांवरून काढलेले निष्कर्ष वारंवार चुकतात, कारण एकाच आकड्याचा अर्थ प्रत्येक देशात वेगळा असतो. पुढील मार्गदर्शन या विषयावर लिहिणारे पत्रकार, अर्थशास्त्राचे विद्यार्थी आणि चहाच्या व्यापारात नव्याने येणारे लोक यांच्यासाठी आहे. त्यामागची भूमिका आधीच सांगणे योग्य ठरेल. चहा उत्पादक देशाची बाजारातील ताकद त्याने किती किलो चहा पिकवला यावरून कळत नाही. देशांतर्गत खप भागवून निर्यातीसाठी किती माल उरतो, तो कोणत्या प्रकारचा आहे आणि त्याला किलोमागे काय मिळते, यांवरून ती कळते. देशादेशांमधील सहकार्यही याच तीन गोष्टींपैकी एकीला तरी हात घालत असेल, तरच त्याचा उपयोग होतो.

आधी मापे जुळवून घ्या

पहिली आणि सर्वांत मोठी गफलत ओला पाला आणि तयार चहा यांच्यात होते. खुडलेल्या पानांतील बहुतेक वजन पाण्याचे असल्यामुळे एक किलो तयार चहासाठी साधारण सव्वाचार ते पाच किलो ओली पाने लागतात. जगात दरवर्षी ६०० कोटी किलोंहून अधिक, म्हणजे ६० लाख टनांच्या वर तयार चहा होतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आकडेसंग्रहात मात्र अलीकडे चहाचे उत्पादन ओल्या पानांच्या वजनात दिलेले असते आणि तेथे हाच आकडा ३ कोटी टनांच्या आसपास दिसतो. दोन्ही आकडे बरोबर आहेत. एक आकडा एका ठिकाणाहून आणि दुसरा दुसऱ्या ठिकाणाहून उचलून त्यांची तुलना केली, तर मात्र काही देशांचे उत्पादन रातोरात पाचपट झाल्यासारखे वाटते. म्हणून कोणत्याही तक्त्यात सर्वांत आधी ‘चहाची पाने’ लिहिले आहे की ‘तयार चहा’, हे पाहावे.

एककांचा गोंधळ त्यामानाने सोपा आहे. दहा लाख किलो म्हणजे एक हजार टन आणि १ अब्ज किलो म्हणजे १०० कोटी किलो, एवढे लक्षात ठेवले की पुरते.

व्यापाराच्या आकड्यांसाठी सीमाशुल्काच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील ०९०२ हा गट पाहावा. त्यात चार ओळी आहेत. ०९०२.१० मध्ये तीन किलोंपर्यंतच्या पाकिटांतील हिरवा चहा, ०९०२.२० मध्ये त्याहून मोठ्या बांधणीतील हिरवा चहा, ०९०२.३० मध्ये छोट्या पाकिटांतील काळा चहा आणि ०९०२.४० मध्ये घाऊक काळा चहा येतो. पुदिना, कॅमोमाइल यांसारख्या वनस्पतींच्या काढ्यांना बाजारात चहा म्हणत असले तरी ते या गटात येत नाहीत आणि इन्स्टंट चहाही वेगळ्या गटात मोजला जातो. या चार ओळींचे आपापसांतील प्रमाण पाहिले, तरी एखादा देश कच्चा माल विकतो की तयार पाकिटे, हे समजते. माझ्या मते कोणत्याही देशाच्या चहा धोरणाबद्दल या एका प्रमाणातून जेवढे कळते, तेवढे पानेच्या पाने अहवाल वाचूनही कळत नाही.

महिन्यांची तुलना करताना हंगामाचे भान ठेवावे. आसाममध्ये हिवाळ्यात झुडपे सुप्तावस्थेत जातात आणि खुडणी जवळपास थांबते. विषुववृत्तालगतच्या केनियात वर्षभर खुडणी चालू असते आणि तेथील चढउतार पावसाच्या दोन हंगामांमुळे होतात. त्यामुळे जानेवारीतील उत्पादनाची आधीच्या डिसेंबरशी तुलना करू नये. ती मागील वर्षाच्या जानेवारीशीच करावी.

देशांची यादी नव्हे, चहाचे प्रकार पाहा

उत्पादनाच्या क्रमवारीत चीन पहिला, भारत दुसरा आणि केनिया तिसरा आहे. पुढे श्रीलंका, तुर्कस्तान, व्हिएतनाम आणि इंडोनेशिया येतात. ही क्रमवारी पाठ करून फारसे काही हाती लागत नाही, कारण हे सर्व देश एकाच बाजारात एकमेकांशी स्पर्धा करत नाहीत.

कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच झाडाच्या पानांपासून सारे प्रकार होतात. फरक प्रक्रियेत असतो. हिरव्या चहासाठी खुडलेली पाने लगेच वाफ देऊन किंवा कढईत तापवून त्यांतील ऑक्सिडीकरण, म्हणजे हवेतील ऑक्सिजनशी होणारी अभिक्रिया, थांबवतात. काळ्या चहासाठी पाने आधी कोमेजू देतात, मग वळतात किंवा चिरडतात, त्यांचे ऑक्सिडीकरण होऊ देतात आणि शेवटी सुमारे तीन टक्के ओलावा उरेपर्यंत वाळवतात. काळ्या चहातही दोन वाटा आहेत. ऑर्थोडॉक्स पद्धतीत पान वळले जाते आणि त्याचा आकार बऱ्यापैकी टिकतो. सीटीसी पद्धतीत दातेरी रोलरांमधून पान चिरडून, फाडून, वळवून त्याचे बारीक दाणे केले जातात. ही पद्धत १९३० च्या सुमारास आसाममध्ये विकसित झाली. या दाण्यांचा चहा लवकर उतरतो आणि गडद होतो, म्हणूनच दूध घालून चहा पिणाऱ्या देशांत आणि टी-बॅगच्या धंद्यात त्याला मागणी असते.

आता वरची क्रमवारी पुन्हा पाहावी. चीनच्या निर्यातीत हिरव्या चहाचा वाटा मोठा आहे, केनियाचा माल प्रामुख्याने सीटीसी आहे आणि श्रीलंका मुख्यतः ऑर्थोडॉक्स विकते. भारतात दोन्ही प्रकार होतात, पण सीटीसीचा वाटा फार मोठा आहे. त्यामुळे केनियात पीक उत्तम आले तर त्याचा दाब भारतातील सीटीसीच्या भावावर येऊ शकतो, पण श्रीलंकेच्या लांब पानाच्या चहावर तो तितकासा जाणवत नाही. ‘जागतिक पुरवठा वाढला, म्हणून भाव पडले’ असे वाक्य समोर आले, की ‘कोणत्या प्रकाराचा पुरवठा’ हा प्रश्न विचारावा.

निर्यातीचा आकडा फोडून पाहा

निर्यातीचे पहिले मोजमाप म्हणजे उत्पादनातील तिचा वाटा. केनिया आणि श्रीलंका आपल्या चहाचा नव्वद टक्क्यांहून मोठा हिस्सा परदेशी विकतात. भारतात सुमारे एक षष्ठांश चहाच बाहेर जातो, कारण बाकीचा देशातच खपतो. तुर्कस्तान स्वतःचा जवळजवळ सगळा चहा स्वतःच पितो. त्यामुळे आयात करणाऱ्या देशातील मंदी, चलनटंचाई किंवा युद्ध यांचा फटका केनिया आणि श्रीलंकेला थेट बसतो. भारतातील मळ्यांचे उत्पन्न मात्र मुख्यतः देशांतर्गत भावावर ठरते. पाकिस्तान हा जगातील सर्वांत मोठ्या चहा आयातदारांपैकी एक असून त्याची बहुतेक खरेदी केनियातून होते. त्यामुळे पाकिस्तानात डॉलरची टंचाई झाली, की तिची झळ केनियातील मोम्बासा बंदरात होणाऱ्या चहाच्या लिलावात जाणवते.

दुसरे मोजमाप म्हणजे एकक मूल्य, म्हणजेच निर्यातीची एकूण किंमत भागिले वजन. हे प्रत्यक्ष कसे करायचे, ते एका कल्पित उदाहरणातून पाहू. एका देशाने पहिल्या वर्षी २० कोटी किलो चहा ६० कोटी डॉलरला विकला आणि दुसऱ्या वर्षी २२ कोटी किलो चहा ६१ कोटी ६० लाख डॉलरला विकला. वजनही वाढले आणि रक्कमही वाढली, म्हणून बातमीत यश दिसेल. पण किलोमागील भाव ३ डॉलरवरून २ डॉलर ८० सेंटवर आला. दोन कोटी किलो चहा जास्त खुडण्याची, वाळवण्याची आणि वाहून नेण्याची मेहनत करून देशाच्या पदरात केवळ १ कोटी ६० लाख डॉलर पडले, म्हणजे प्रत्येक जादा किलोमागे फक्त ८० सेंट मिळाले. वाढलेल्या मालावर मिळालेला हा भाव काढण्याची सवय लावून घ्यावी. बहुतेक विश्लेषणांत तो नसतो, आणि खुडणाऱ्या हातांना काय मिळणार, हे त्यातूनच सर्वांत स्पष्ट कळते.

तिसरी बाब चलनाची. मोम्बासाच्या लिलावात बोली डॉलरमध्ये लागते, तर कोलंबोच्या लिलावात श्रीलंकेच्या रुपयात. २०२२ मध्ये श्रीलंकेचा रुपया एका डॉलरला सुमारे २०० वरून ३६० च्या आसपास घसरला, तेव्हा कोलंबोतील रुपयातील भाव झपाट्याने चढलेले दिसले. त्यातील बराचसा चढ चलनाच्या घसरणीचा होता. त्यामुळे तुलना नेहमी एकाच चलनात करावी.

पुनर्निर्यातही वगळून पाहावी लागते. जर्मनी, ब्रिटन आणि संयुक्त अरब अमिरात चहा आयात करतात, मिश्रण करून पाकिटे भरतात आणि पुन्हा परदेशी विकतात. जगातील सर्व देशांच्या निर्यातीची सरळ बेरीज केली, तर हा चहा दोनदा मोजला जातो. शिवाय मोम्बासाच्या लिलावात केनियाबरोबर युगांडा, रवांडा, बुरुंडी, टांझानिया यांसारख्या शेजारी देशांचाही माल विकला जातो. त्यामुळे मोम्बासात विकलेला चहा म्हणजे केनियाचा चहा असे धरून चालू नये.

एका धक्क्याचा माग घ्या

आकडे एकमेकांत कसे गुंतलेले असतात हे शिकण्यासाठी श्रीलंकेचे २०२१ चे उदाहरण अभ्यासावे. त्या वर्षीच्या वसंतात सरकारने रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली आणि काही महिन्यांतच हा निर्णय मागे घ्यावा लागला. मात्र २०२१ चे उत्पादन सुमारे ३० कोटी किलो, म्हणजे वरवर चांगलेच दिसते. घसरण दिसते ती २०२२ मध्ये, जेव्हा ते २५ कोटी किलोंवर आले. चहा हे बहुवार्षिक झुडूप आहे. आधी दिलेल्या खताच्या जोरावर ते काही काळ पाने देत राहते आणि उपासमारीचे परिणाम उशिरा दाखवते. धोरणाचे वर्ष आणि परिणामाचे वर्ष यांत अंतर असते, हे ध्यानात न घेता केलेली तुलना दिशाभूल करते. श्रीलंकेतील बहुतांश पाला छोट्या उत्पादकांकडून येतो, त्यामुळे हा फटका प्रामुख्याने त्यांनाच बसला.

सहकार्याचे प्रस्ताव पारखताना

उत्पादक देशांच्या सहकार्याची चर्चा बहुधा पुरवठा मर्यादित करून भाव वाढवण्यापासून सुरू होते. हा प्रयोग पूर्वी झालेला आहे. महामंदीत भाव कोसळल्यावर १९३३ मध्ये भारत, सिलोन (आजची श्रीलंका) आणि डच ईस्ट इंडीज (आजचा इंडोनेशिया) यांच्या उत्पादकांनी आंतरराष्ट्रीय चहा करार केला. १९२९ ते १९३१ या वर्षांतील सर्वाधिक निर्यातीला आधार धरून प्रत्येकाचा वाटा ठरवण्यात आला आणि पहिल्या वर्षी निर्यात त्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत मर्यादित केली गेली. नव्या लागवडीवरही बंधने आली. चीन आणि जपान कराराबाहेर होते, तरी त्या काळी हे जमले, कारण काळ्या चहाची निर्यात मोजक्या प्रदेशांत आणि मोठ्या मळेवाल्या कंपन्यांच्या हातात एकवटलेली होती. हा करार मुदतवाढ घेत १९५५ पर्यंत टिकला.

आज ती परिस्थिती राहिलेली नाही. केनियात निम्म्याहून अधिक चहा छोटे शेतकरी पिकवतात आणि भारतातही त्यांचा वाटा निम्म्यावर गेला आहे. ज्याची रोजची मिळकत दर आठवड्या-दोन आठवड्यांनी होणाऱ्या खुडणीवर चालते, त्याला खुडू नको असे सांगता येत नाही. तयार चहा वर्षानुवर्षे साठवूनही ठेवता येत नाही, कारण त्याचा स्वाद उतरतो. केनियाने २०२१ मध्ये छोट्या शेतकऱ्यांच्या कारखान्यांतील चहासाठी किलोला २.४३ डॉलर ही किमान बोली ठरवली. हेतू चांगला होता, पण कालांतराने न विकलेल्या मालाचे ढीग साचत गेले आणि शेवटी ही मर्यादा काढावी लागली. एका देशात जे पेलले नाही, ते दहा देशांच्या संमतीवर उभे राहील असे मानण्यास आधार नाही. म्हणून कोटा किंवा किमान भाव यांवर बेतलेला प्रस्ताव आला, की मोडणाऱ्या सदस्याला काय शिक्षा, न विकलेला माल कोण उचलणार आणि बाहेर राहिलेल्या देशांचे काय, हे तीन प्रश्न लगेच विचारावेत.

जिथे सहकार्य खरोखर चालते ती क्षेत्रे कमी गाजावाजाची आहेत. १९३३ च्याच कराराबरोबर लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय चहा समिती स्थापन झाली आणि करार संपूनही ती जगभरची आकडेवारी संकलित करत राहिली. अन्न व कृषी संघटनेचा चहाविषयक आंतरसरकारी गट १९६९ पासून उत्पादक आणि आयातदार अशा दोन्ही देशांना एका टेबलावर आणतो. आंतरराष्ट्रीय मानकांमुळे ‘काळा चहा’ कशाला म्हणायचे याची किमान व्याख्या ठरली. चवपरीक्षेची रीतही ठरली. १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम चहा घ्यायचा, ताजे उकळते पाणी ओतायचे, झाकण ठेवून सहा मिनिटे थांबायचे आणि मग तो दुसऱ्या भांड्यात गाळायचा. ही रीत चहा फक्कड व्हावा म्हणून नाही. कोलंबोतील आणि हॅम्बुर्गमधील परीक्षक एकाच गोष्टीबद्दल बोलत आहेत याची खात्री पटावी म्हणून ती आहे.

सर्वांत निकडीचे काम कीटकनाशकांच्या अवशेषांच्या मर्यादांचे आहे. आयातदार देशांच्या मर्यादा वेगवेगळ्या आहेत. एखाद्या रसायनासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नसेल, तर युरोपीय संघ किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लावतो. अवशेष मोजले जातात सुक्या पानांत, पण माणूस पितो तो अर्क, आणि पानांतील सर्वच रसायने पाण्यात सारखी उतरत नाहीत. अर्कातील अवशेष विचारात घ्यावेत हा मुद्दा आंतरसरकारी गटाने सातत्याने मांडला आहे. एकट्या देशाने मांडली तर ही तक्रार ठरते. अनेक देशांनी प्रयोगशाळेच्या पुराव्यासह एकत्र मांडली, तर मर्यादा बदलण्याची शक्यता निर्माण होते. छोट्या देशांना स्वतंत्र प्रयोगशाळा परवडत नसल्यामुळे येथे एकत्र येण्याचा लाभ त्यांनाच सर्वाधिक आहे.

२०१३ मध्ये कोलंबो येथे आंतरराष्ट्रीय चहा उत्पादक मंच स्थापन झाला. संयुक्त राष्ट्रांनी २०१९ मध्ये २१ मे हा आंतरराष्ट्रीय चहा दिवस म्हणून जाहीर केला. अशा घोषणांचे स्वागत करावे, पण नोंद घेताना तीन गोष्टी अवश्य लिहून ठेवाव्यात. सदस्यांमध्ये चीन, भारत, केनिया आणि श्रीलंका यांपैकी कोण आहे आणि कोण नाही, सचिवालयाचा खर्च कोणाच्या वर्गणीतून चालतो, आणि पुढील बैठकीपूर्वी कोणते मोजता येण्याजोगे काम पूर्ण करायचे ठरले आहे. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर बातमी तारखेसह जपून ठेवावी आणि वर्षभराने त्याच देशांच्या एकक मूल्याशेजारी ती पुन्हा वाचावी.