कॉम्प्युटर कॅबिनेटचे पंखे : वारा कुठून घ्यायचा, कुठून काढायचा

माझ्या भाच्याने लॅमिंग्टन रोडवरून तीन रंगीत पंखे आणले, रविवारी दुपारी लालबागच्या घरी स्वतःच बसवले, आणि संध्याकाळी फोन. "मामा, पंखे वाढवले तर ग्राफिक कार्ड आधीपेक्षा जास्त तापतंय!" जाऊन बघितलं. पुढचा, मागचा, वरचा, तिन्ही पंख्यांचं दिव्यांचं देखणं तोंड बाहेर. म्हणजे तिघेही हवा आत ओढत होते आणि बाहेर काढणारा कोणीच नव्हता. त्याच्याच चाळीत गॅलरीचं दार लावून घेतलं की मागच्या खिडकीतून वाऱ्याची झुळूक येत नाही. कॅबिनेटचंही तसंच.

पंखे विकत घेण्याआधी एक करून बघा. नेहमीचा गेम अर्धा तास चालवा आणि एचडब्ल्यूइन्फोसारख्या फुकट सॉफ्टवेअरवर दिसणारं प्रोसेसरचं आणि कार्डाचं तापमान लिहून ठेवा. मग कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून तोच गेम पुन्हा अर्धा तास. आकडा सात-आठ अंशांनी उतरला, तर आत वारा खेळत नाही असं समजा. एखाद-दुसराच अंश उतरला, तर पंख्यांवर पैसे घालू नका. प्रोसेसरवरच्या कूलरमध्ये अडकलेली धूळ किंवा वाळलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारा लेप) तपासा. परदेशी व्हिडिओतले आकडे बघून मात्र घाबरू नका. त्यांची खोली 21-22 अंशांची, आपली मे महिन्यात 33 ची. पंखा खोलीपेक्षा थंड हवा आणणार कुठून?

आता मशीन बंद करून प्लग काढा आणि पंखा हातात घ्या. एका बाजूला पाती मोकळी दिसतात. दुसऱ्या बाजूला मोटर धरून ठेवणारे दांडे असतात. हवा मोकळ्या बाजूने शिरते आणि दांड्यांच्या बाजूने बाहेर पडते. हल्ली दिसायला छान म्हणून उलट्या पात्यांचे 'रिव्हर्स' पंखेही मिळतात, त्यांचा हिशेब उलटा. काहींच्या कडेवर बाण कोरलेला असतो. तरी शंका राहिली तर बसवून झाल्यावर जवळ उदबत्ती धरा, धूर कुठे जातो ते लगेच दिसेल.

पुढून दोन पंखे हवा आत घेणारे, मागून एक बाहेर काढणारा. 120 मिलिमीटरच्या या तीन पंख्यांवर बहुतेक घरगुती मशीनचं भागतं. चौथा हवाच असेल तर छतावर लावा, पण मागच्या कोपऱ्यात. पुढच्या कोपऱ्यात लावला तर नुकती आत आलेली ताजी हवा प्रोसेसरपर्यंत पोचायच्या आतच तो उचलून बाहेर टाकतो. "गरम हवा वरच जाते" हे खरं असलं तरी पंख्याच्या जोरापुढे त्याचा फारसा हिशेब धरू नका.

आत येणारी हवा थोडी जास्तच ठेवा. बाहेर काढणाऱ्यांचा जोर वाढला की कॅबिनेट मिळेल त्या फटीतून हवा ओढतं, आणि फटींना काही जाळी नसते. रेल्वेलाइनच्या बाजूला राहणाऱ्यांना ती काळी धूळ वेगळी सांगायला नको.

वायर जोडताना चार पिनचा पंखा असेल तर बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणारा मदरबोर्डाचा सेटिंगचा पडदा) पंख्याचा वेग ठरवण्याची 'पीडब्ल्यूएम' पद्धत निवडा, तीन पिनचा असेल तर 'डीसी'. तीन पिनच्या पंख्याला पीडब्ल्यूएम ठेवलं तर तो सदा पूर्ण वेगाने ओरडत राहतो. 50 अंशांपर्यंत 40 टक्के वेग, 70 ला 70 टक्के, 80 च्या पुढे पूर्ण, एवढी मांडणी सुरुवातीला पुरे. मदरबोर्डाचं एक कनेक्शन साधारण 1 अँपिअरचं असतं, त्यामुळे स्प्लिटर (एका कनेक्शनवर अनेक पंखे जोडणारी वायर) वापरताना पंख्यांच्या स्टिकरवरचे आकडे बेरीज करून बघा.

एवढं करूनही टेबल घात करतं. आपल्याकडच्या कॉम्प्युटर टेबलाला सीपीयूसाठी जो कप्पा असतो, त्याची पाठ बंद असते; मागून निघालेली गरम हवा वळून पुन्हा पुढच्या पंख्यात. कप्प्याची पाठ काढून टाका, नाहीतर मशीन बाहेर ठेवा आणि भिंतीपासून निदान वीतभर अंतर सोडा. भाच्याचे वरचा आणि मागचा पंखा उलटे केले तेव्हा कार्ड 84 वरून 78 वर आलं, आणि कप्प्याची पाठ काढल्यावर 74 वर. मागचे दिवे आता नीट दिसत नाहीत म्हणून तो कुरकुरतो, ते वेगळं.

पुढची जाळी महिन्यातून एकदा काढा. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवा, भरधाव फिरली तर बेअरिंग खराब होतं. पावसाळ्यात दमट हवेने जाळीवरची धूळ चिकट होते आणि नुसत्या ब्रशने निघत नाही. मग साबणाच्या पाण्याने धुवा, आणि ओलसर जाळी घाईने परत लावू नका. जुलैत ती दोरीवर वाळत नाही. रात्रभर खोलीतल्या पंख्याखाली ठेवावी लागते.