पांढरं बघायला शिकण्याचं वर्ष: द हेगला अक्षररचना शिकायला जाणाऱ्यांसाठी

पहिल्याच आठवड्यात मी रुंद निबेने रोमन ‘एन’ आणि ‘ओ’ काढून दाखवले. शिक्षकांनी लाल पेन्सिल घेतली. अक्षरांना हात न लावता त्यांनी ‘एन’च्या दोन खांबांमधली मोकळी जागा रंगवली, मग ‘ओ’च्या पोटातली, मग दोन अक्षरांमधली. लाल रंगाचे तीन तुकडे तीन वेगवेगळ्या मापांचे निघाले. त्याआधी चार वर्षं मी पुण्यात लोगो आणि पॅकेजिंगची कामं करत होते. आपण आजवर फक्त काळं बघत आलो, हे मला त्या दिवशी समजलं.

नेदरलँड्समधल्या द हेगच्या रॉयल अकॅडमी ऑफ आर्टमध्ये टाइपमीडिया नावाचा, टाइप डिझाइन म्हणजे छापील अक्षरं घडवण्याचा, एका वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. त्याबद्दल विचारणारी मुलं-मुली बहुतेक दोनच प्रश्न विचारतात: पोर्टफोलिओत काय ठेवू, आणि खर्च किती येतो. दोन्हींकडे येते. पण तिथे नेमकं काय शिकायला जायचं हे आधी माहीत असलं, तर पोर्टफोलिओचा निम्मा प्रश्न आपोआप सुटतो.

त्या अकॅडमीत 1960 ते 1990 अशी तीस वर्षं गेरिट नूर्डझाय शिकवत होते. अक्षर हे मुळात हत्याराने ओढलेली रेघ आहे, हा त्यांच्या शिकवण्याचा गाभा. रुंद निबेने लिहिलं तर रेघ कुठल्या दिशेला जाते त्यावर तिची जाडी ठरते. टोकदार, लवचीक निबेने लिहिलं तर हाताचा दाब जाडी ठरवतो. छापील रोमन अक्षरांतले जाड-बारीक भेद या दोन मुळांशी जोडून वाचता येतात. आणि काळी रेघ ओढली की शेजारचं पांढरं आपोआप घडतं, त्या पांढऱ्यांचा मेळ जमला की शब्द होतो. ऐकायला हे सोपं वाटतं, हातात उतरायला मला चार महिने लागले. नूर्डझायांच्या विद्यार्थ्यांमधून पेत्र आणि एरिक फान ब्लोकलांड हे भाऊ, युस्ट फान रोसुम, लुकास द ख्रोट असे अक्षरकार घडले. जग ज्याला डच टाइप डिझाइन म्हणून ओळखतं, त्याचा मोठा भाग या एका वर्गातून बाहेर पडला आहे.

घरबसल्या करण्यासारखा एक सराव सांगते. दोन पेन्सिली रबरबँडने शेजारी शेजारी बांधा आणि कोन न बदलता मोठी अक्षरं लिहा. दोन टोकांच्या दोन रेघा उमटतात आणि त्यांच्यामधलं अंतर म्हणजे रेघेची जाडी. ती कुठे फुगते, कुठे मिटते, ते उघड्या डोळ्यांनी दिसतं. रोज वीस मिनिटं, दोन महिने. कुठल्याही सॉफ्टवेअरच्या वर्गापेक्षा याचा उपयोग जास्त होईल.

आता आपल्या लिपीचं. माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली. रोमनचा हात बसल्यावर मी त्याच निबेने, त्याच कोनात देवनागरी काढायला घेतली. ‘क’ची गाठ, ‘ळ’ची वळणं, सगळीकडे जाडी भलत्याच जागी पडली. अक्षरं ओळखू येत होती, पण परकी दिसत होती. देवनागरीचा बोरू रोमनच्या उलट्या तिरक्यात कापतात, त्यामुळे जाडीचा कल उलटा होतो. मी सुलेखन शिकले तेव्हा ही गोष्ट हाताला माहीत होती, रोमनच्या नादात हात ती विसरला. डच पद्धत देवनागरीला लागू होते का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर असं: रेघेचं मूळ हत्यारात शोधायचं, ही पद्धत जशीच्या तशी घ्या. त्यांचा कोन मात्र घेऊ नका. शिरोरेषेखाली लटकणारं पांढरं हे दोन रेषांमध्ये बसवलेल्या रोमन पांढऱ्यापेक्षा वेगळं वागतं, आणि उकार-वेलांट्यांचं पांढरं आणखी वेगळं. ते तिथे कुणी आयतं शिकवत नाही. जाण्याआधी सुलेखनकार र. कृ. जोशींचं काम नीट बघा, मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या जुन्या पोथ्या हाताळा, मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ हातात पक्का करा.

पहिल्या सत्रात सुलेखन असतं, दगडात छिन्नीने अक्षरं कोरायची असतात आणि जुन्या पुस्तकातला एक टंक, म्हणजे छापील अक्षरांचा संच (फॉन्ट), नव्याने घडवायचा असतो. या शेवटच्या कामासाठी मी सतराव्या शतकातलं आम्स्टरडॅम निवडलं, आणि त्यात मला मिक्लोश किश भेटला. ट्रान्सिल्व्हेनियातला हा माणूस 1680 मध्ये हंगेरियन बायबल छापून घ्यायला आम्स्टरडॅमला आला आणि तिथेच टंक कोरायला शिकला. 1685 मध्ये त्याचं बायबल छापून झालं. जॉर्जियन लिपीचे टंकही त्याने कोरले. 1689 मध्ये तो मायदेशी परतला. त्याचे रोमन टंक पुढे कितीतरी काळ जान्सन या दुसऱ्याच माणसाच्या नावावर खपले, खरा कर्ता विसाव्या शतकात ठरला. परक्या देशात येऊन, दुसऱ्यांचं कसब शिकून आपल्या भाषेचं काम करणारा हा माणूस त्या थंड महिन्यांत मला फार जवळचा वाटला.

त्या काळच्या डच टंकांचा प्रवासही बघण्यासारखा आहे. लंडनच्या विल्यम कॅस्लन या टंककाराने आपले टंक डच नमुन्यांवर बेतले, आणि 1776 मध्ये अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा पहिल्यांदा छापला गेला तो कॅस्लनच्या टंकात. आपला धागाही आम्स्टरडॅमलाच सापडतो. केरळातल्या वनस्पतींवरच्या ‘होर्टुस मलबारिकुस’चा पहिला खंड 1678 मध्ये आम्स्टरडॅमला निघाला. त्यात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोचीच्या वैद्यांचं कोकणी भाषेतलं, नागरी अक्षरांतलं प्रशस्तिपत्र आहे. नागरीचे खिळे (छपाईची धातूची सुटी अक्षरं) तिथे नव्हते, म्हणून अक्षरं तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापली. मी ते पान बराच वेळ बघत राहिले. ज्याने ती रेघ कोरली त्याला ती लिपी वाचता येत नसणार असं मला वाटतं, तरी मजकूर आजही वाचता येतो.

प्रोग्रॅमिंगला घाबरू नका, पण ते टाळूही नका. युस्ट फान रोसुम हे पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा घडवणाऱ्या खीडो फान रोसुम यांचे भाऊ. टंकाच्या फाइली उघडून त्यांत बदल करणारी फॉन्टटूल्स ही साधनं युस्ट यांनीच सुरू केली. आज ‘मुक्त’, ‘बलू’ यांसारखे देवनागरी टंक ज्या गूगल फॉन्ट्स या संग्रहात आहेत, तिथलं बरंच काम या साधनांच्या जोरावर चालतं. युस्ट आणि एरिक यांनी 1989 मध्ये बेओवुल्फ नावाचा टंक केला होता. छापताना त्यातल्या प्रत्येक अक्षराची कड दर वेळी थोडी वेगळी उमटायची. देवनागरीत जोडाक्षरांमुळे चिन्हांची संख्या शेकड्यांत जाते. तेव्हा कंटाळवाणं काम यंत्राकडे सोपवता आलं, तर डोळे पांढऱ्यासाठी मोकळे राहतात. मी जाण्याआधी तीन महिने पायथन शिकले, सहा महिने शिकायला हवं होतं.

डच डिझाइन म्हणजे नीटनेटकी चौकट, असा समज घेऊन जाऊ नका. डच डिझायनर विम क्राउवेल यांनी 1967 मध्ये सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक अक्षरजुळणी यंत्रांना झेपेल अशी, जवळजवळ फक्त उभ्या-आडव्या रेघांची वर्णमाला मांडली. 1972 मध्ये आम्स्टरडॅमला त्यांचा दुसरे डिझायनर यान फान टोर्न यांच्याशी जाहीर वाद झाला. क्राउवेल म्हणत की डिझायनरने मधे न येता मजकूर स्पष्ट पोचवावा. फान टोर्न यांचं म्हणणं, डिझायनर भूमिका घेतोच, तर ती उघड घ्यावी. वर्गात हा वाद आजही जिवंत आहे आणि तुम्हाला बाजू विचारली जाते. मी डच अक्षरकार गेरार्ड उंगर यांच्या ‘स्विफ्ट’ या टंकाचं नाव घेतलं होतं. वर्तमानपत्रासाठी 1985 मध्ये आलेला हा टंक हलक्या कागदावरही टिकावा म्हणून मोठ्या, मोकळ्या पोटाचा केलेला आहे. मराठी वर्तमानपत्रं वाचत वाढलेल्या मुलीला त्यात भूमिकाही दिसली आणि सेवाही.

पोर्टफोलिओत पूर्ण झालेले चकचकीत लोगो कमी ठेवा. पहिल्यांदा मी तेच पाठवले आणि नकार आला. दुसऱ्या वर्षी एकाच देवनागरी टंकाची चाळीस पानं पाठवली: खोडलेली, दुरुस्त केलेली, एकाच ‘झ’चे अकरा प्रयत्न. त्यावर मुलाखतीचं बोलावणं आलं.

पैशांचं थेट सांगते. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना फी बरीच जास्त पडते, आणि राहण्याच्या परवान्यासाठी वर्षभराच्या खर्चाची रक्कम हाताशी असल्याचं दाखवावं लागतं. परवान्याचा अर्ज संस्थाच करते. शिकताना आठवड्याला सोळा तासांपर्यंत काम करता येतं, पण मालकाला त्यासाठी वेगळा परवाना काढावा लागतो, म्हणून छोटे स्टुडिओ कचरतात. त्या कमाईवर फी निघेल असा हिशेब मांडू नका. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला एका वर्षाचा परवाना मिळतो, तो मात्र मोलाचा आहे.

खोली घेताना पहिला प्रश्न एकच: या पत्त्यावर नगरपालिकेत नोंदणी करता येईल का? माझ्या पहिल्या घरमालकाने अनामत घेतली आणि नंतर नोंदणीला नकार दिला. नोंदणी नाही म्हणून नागरिक क्रमांक नाही, तो नाही म्हणून बँकेचं खातं अडलं. सहा आठवड्यांनी मी दुसरीकडे गेले, अनामत परत मिळाली नाही. हे लेखी विचारा, आणि आधी विचारा.

अकॅडमी प्रिन्सेसेग्राख्टवर आहे, स्टेशनपासून चालत. त्याच रस्त्यावर मेरमानो हे पुस्तकांचं संग्रहालय आहे, पहिल्याच महिन्यात तिथे जा. आणि बोरू इथूनच न्या. देवनागरीच्या कोनात कापलेला बोरू मला तिथल्या दुकानांत मिळाला नाही. मी दोन नेले होते, त्यातला एक डिसेंबरात चिरला. तुम्ही सहा न्या. ते तासायची सुरी चेक-इनच्या बॅगेत ठेवा.