गुडघा बदललाय? आधी सरळ करा, मग वाकवा

आईचा उजवा गुडघा बदलला तेव्हा पंचवटीतल्या घरी भेटायला येणारा प्रत्येक जण एकच विचारायचा, "किती वाकतो?" सरळ किती होतो, हे फक्त फिजिओ विचारायची. खरा प्रश्न तिचाच होता. कमी वाकला तर मांडी घालता येत नाही, आणि तशीही नव्या गुडघ्याने खाली बसायला डॉक्टर सहसा मनाई करतात. पण सरळच झाला नाही तर माणूस लंगडत राहतो.

म्हणून सुरुवात उशीपासून. गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं, आणि तिथेच घात होतो. आमच्याकडे एका मावशीने प्रेमाने गोधडीची घडी सरकवली, आई रात्रभर तशीच झोपली. सकाळी पाय ताठ करताना डोळ्यांत पाणी. उशी घ्यायचीच तर टाचेखाली.

१. पावलं हलवा. बहुतेकांना ऑपरेशनच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. पडल्यापडल्याही तासातासाला दहा-पंधरा वेळा पाऊल वर-खाली करायचं. पोटरीत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून हे.

२. गुडघा दाबा. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, मांडी आवळून गुडघा खाली दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. मग गुंडाळी काढून पाय गादीवर टेका. गुडघ्यामागून हाताचा पंजा सहज आरपार जात असेल तर काम बाकी आहे.

३. आता वाकवा. खुर्चीत बसून पाऊल जमिनीवरून मागे सरकवायचं. आम्ही फरशीवर अंगठ्यापाशी खडूने रेघ मारायचो. रोज रेघ मागे जाईलच असं नाही. तीन दिवस एकाच जागी राहिली तेव्हा आई रुसली होती. नडगी खुर्चीच्या पायासारखी उभी आली की नव्वद अंश. जिना उतरायला, खुर्चीतून उठायला त्याहून थोडं जास्त लागतं. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा तास आधी घेतली की दात-ओठ खावे लागत नाहीत. नंतर फडक्यात गुंडाळलेला बर्फ, पंधरा-वीस मिनिटं. दोन तासांनीही दुखणं चढलेलंच असेल तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा. बंद मात्र करू नका.

४. जिना. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. हे जवळजवळ सगळेच उलट करतात.

५. घराबाहेर. वॉकर सुटला की आम्ही गोल्फ क्लबचा ट्रॅक धरला. गोदाघाट जवळ असूनही नाही. ओल्या पायऱ्या, धरायला कठडा नाही. डिसेंबरातल्या नाशिकच्या थंडीत पहाटे जायचा हट्टही नको. सांधे आखडलेले असतात, ऊन अंगावर आलं की निघा.

जखम पूर्ण भरेपर्यंत तेल, लेप, शेक काही नाही, शेजारीण कितीही म्हणाली तरी. वणाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा राहतो, सूज तीन-सहा महिने येत-जात राहते. त्याने घाबरू नका. पण पोटरी सुजून दुखली, ताप आला, जखमेतून पाणी आलं तर त्याच दिवशी सर्जनला गाठा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट हॉस्पिटल.

ज्यांचं ऑपरेशन झालेलं नाही, नुसता संधिवात आहे, त्यांनीही वरचा क्रमांक दोनचा, गुडघा दाबायचा व्यायाम करावा. मांडीत ताकद आली की गुडघ्यावरचा ताण हलका होतो. वजन एक किलो उतरलं तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो.

आईचं लक्ष सगळ्या काळात एकाच गोष्टीवर होतं: वणीच्या सप्तशृंगी गडावर कधी? पाचशेच्या वर पायऱ्या आहेत, पण २०१८ पासून ट्रॉली आहे. सहाव्या महिन्यात गेलो, ट्रॉलीनेच. दर्शनाच्या रांगेत तिने मला मागे उभं केलं आणि म्हणाली, "बघ रे, पाय सरळ दिसतोय ना?"