एका शनिवारी युएसपीएसए, दुसऱ्या शनिवारी आयडीपीए: या चुका टाळा

अमेरिकेत युएसपीएसए आणि आयडीपीए या दोन संस्थांच्या नियमांचे पिस्तूल नेमबाजीचे सामने खेळायला लागलो तेव्हा पहिलं वर्षभर मी दोन्हीकडे एकाच चालीने खेळलो, आणि दोन्हीकडे मागे पडलो. पिस्तूल तेच, पुठ्ठ्याची टार्गेटंही साधारण सारखी. फरक गुण मोजण्यात आहे, आणि तो समजून न घेणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

समजा सहा टार्गेटं, प्रत्येकावर दोन गोळ्या. एकाने बाराही गोळ्या 'ए'मध्ये, म्हणजे टार्गेटच्या मधल्या, ५ गुणांच्या भागात घातल्या, वेळ ६ सेकंद. दुसऱ्याच्या तीन त्याबाहेरच्या 'सी'मध्ये गेल्या, वेळ ५ सेकंद. युएसपीएसएत मिळालेल्या गुणांना वेळेने भागतात, त्याला हिट फॅक्टर म्हणतात. मायनरमध्ये, म्हणजे कमी जोराच्या गोळ्यांच्या वर्गात, 'सी'चे ३ गुण. तिथे पहिल्याचा हिट फॅक्टर ६० भागिले ६, म्हणजे १०. दुसऱ्याचा ५४ भागिले ५, म्हणजे १०.८. दुसरा जिंकला. आयडीपीएत मात्र हुकलेल्या प्रत्येक गुणामागे एक सेकंद वाढतो. त्या तीन गोळ्या 'उणे एक'मध्ये, म्हणजे एक गुण हुकणाऱ्या भागात धरल्या, तर दुसऱ्याचे ८ सेकंद होतात आणि पहिला ६ सेकंदांत सहज जिंकतो.

पण म्हणून 'युएसपीएसए म्हणजे नुसता वेग' हेही खरं नाही. हिट फॅक्टर १० असेल तर एक 'सी' साधारण ०.२ सेकंदाला पडतो. लांबच्या, अवघड स्टेजवर (सामन्यातल्या एका फेरीत) तो ४ असेल तर ०.५ सेकंदाला. तिथे नेम धरायला थांबणं फायद्याचं. शाळेत दहा मीटर एअर पिस्तूल मारलेल्यांना ही सवय असते, पण जवळच्या टार्गेटवरही ते तितकेच थांबतात.

आयडीपीएत आडोशाआडून टार्गेटं दिसतील त्या क्रमानेच घ्यायची. युएसपीएसएतल्यासारखा स्वतःचा क्रम लावलात, तर प्रोसिजरल, म्हणजे नियम मोडल्याचा दंड, म्हणून ३ सेकंद वाढतात. गोळ्या शिल्लक असलेलं मॅगझिन जमिनीवर टाकून पुढे गेलात, तरी तेच. आयडीपीएत पिस्तूल झाकायला वरून जॅकेट हवं, आणि घरी सराव करतानाही तेच जॅकेट घाला. पिस्तूल काढताना कापड मुठीत अडकतं, ते मोकळ्या होल्स्टरच्या सरावात कधीच कळत नाही.

स्टील चॅलेंज या लोखंडी प्लेटा वेळेवर मारायच्या तिसऱ्या प्रकारात शेवटची, घड्याळ थांबवणारी स्टॉप प्लेट घाईने मारू नका. आधीची एखादी राहिली असेल तर तिचे ३ सेकंद लागतात, मग परत फिरता येत नाही.

घरी भरलेल्या गोळ्या वापरत असाल तर आधी क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर तपासा. १२४ ग्रेनची गोळी १,००० फूट प्रति सेकंद वेगाने गेली तर पॉवर फॅक्टर (वजन गुणिले वेग, भागिले १,०००) १२४ येतो. मायनरला १२५ लागतात. त्या एका अंकापायी मोठ्या सामन्यात सगळे गुण जातात.

आणि उजव्या हाताने खेळणाऱ्यांनो, डावीकडे पळताना मॅगझिन बदलाल तेव्हा नळीकडे लक्ष ठेवा. ती नकळत मागे वळते. कुठल्याही प्रकारात, तेवढ्यावर त्या दिवसाचा सामना संपतो.