गुडघा पिळवटला? आधी घड्याळ बघा

धावताना एकदम दिशा बदलली, पाऊल जमिनीला खिळून राहिलं, अंग वळलं आणि आतून 'कट' असा आवाज आला. खाली बसा आणि किती वाजलेत ते लक्षात ठेवा. सूज किती वेळात चढली, हे डॉक्टरांना दुखण्याच्या वर्णनाहून जास्त उपयोगी पडतं. दोनेक तासांत गुडघा टम्म फुगला, तर सांध्यात रक्त उतरल्याची शक्यता मोठी, आणि त्यात पहिला संशय एसीएलवर, म्हणजे गुडघ्यातल्या हाडांना जोडणाऱ्या एका अस्थिबंधावर (लिगामेंट). दुसऱ्या दिवशी हळूहळू सूज आली, तर बहुधा गादीला (हाडांमधली कूर्चा, मेनिस्कस) इजा असते.

एसीएल आणि पीसीएल हे दोन अस्थिबंध सांध्याच्या मधोमध फुलीसारखे एकमेकांना छेदतात. एसीएल नडगीच्या हाडाला पुढे घसरू देत नाही आणि पिळाही आवरतं. पीसीएल मागे जाऊ देत नाही. आतल्या बाजूला एमसीएल, बाहेरच्या बाजूला एलसीएल, हेही अस्थिबंधच. मार कुठून बसला तेही सांगा: बाहेरून धडक बसून गुडघा आत वाकला तर एमसीएल, वाकलेल्या गुडघ्याखाली समोरून नडगीवर आदळलं तर पीसीएल. एमसीएल बहुतेकदा ब्रेसवर (गुडघ्याला आधार देणारा पट्टा) भरून येतं. एसीएलची फाटलेली टोकं मात्र सांध्यातल्या द्रवात लोंबत राहतात, तिथे रक्ताची गुठळी टिकत नाही, म्हणून ती आपणहून क्वचितच सांधतात.

पहिले दोन दिवस: कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं, दर दोन-तीन तासांनी. क्रेप बँडेज खालून वर बांधा. बोटं गार पडली किंवा मुंग्या आल्या तर सोडून सैल बांधा. झोपून पाय छातीपेक्षा उंच ठेवा. शेक नको, तेल लावून चोळणं तर नकोच.

इथे एक चूक हमखास होते. आराम वाटतो म्हणून गुडघ्याखाली उशी घेतात, आणि वाकलेला गुडघा मग सरळच होईनासा होतो. उशी टाचेखाली हवी. डॉक्टरांनी हालचालीला ना म्हटलं नसेल, तर गुंडाळलेला टॉवेल गुडघ्याखाली फक्त व्यायामापुरता ठेवा, तो खाली दाबत मांडी ५ सेकंद आवळा. असं १० वेळा. सुजेमुळे मांडीचा पुढचा स्नायू झपाट्याने सुस्तावतो.

चार पावलंही टाकता येत नसतील, गुडघा ९० अंशांपर्यंत वाकत नसेल, वाटीवर किंवा गुडघ्याखाली बाहेरच्या बारीक हाडाच्या वरच्या टोकावर दाबल्यावर दुखत असेल किंवा वय ५५ वा जास्त असेल, तर एक्स-रे हवा. गुडघा वेडावाकडा दिसतोय, पाऊल गार किंवा बधिर पडलंय, वर उचलतच नाही, तर तडक इस्पितळ गाठा. गुडघ्यामागची रक्तवाहिनी किंवा बाजूची नस दुखावलेली असू शकते. गुडघा अडकून सरळ होत नसेल, तरी थांबू नका.

घरी कुणाला नडगी ओढून 'तपासू' देऊ नका. ताज्या दुखापतीत स्नायू आखडलेले असतात, तेव्हा डॉक्टरांनाही कधी सूज उतरल्यावर पुन्हा तपासावं लागतं. ते गुडघा २०-३० अंश वाकवून नडगी पुढे ओढतात आणि दुसऱ्या पायाशी तुलना करतात.

फसगत होते ती दोन-तीन आठवड्यांनी. दुखणं ओसरतं, सरळ चालता येतं आणि एमआरआय राहून जातो. मग वळताना गुडघा दगा देतो, आणि दर वेळी गादी थोडी अधिक फाटण्याचा धोका असतो. एसीएलची शस्त्रक्रिया झालीच, तर वळणं-उड्या असलेल्या खेळात निदान नऊ महिने उतरू नका.