इंजिन मळवण्याआधी करायची तयारी

रेल्वे इंजिनाच्या छोट्या मॉडेलला रंगांनी आणि भुकटीने वापरातलं, मळकं रूप देणं म्हणजे इंजिन मळवणं. त्यासाठी रंगाची बाटली उघडण्याआधी एक गोष्ट पक्की करा: तुमचं इंजिन कोणत्या महिन्यातलं आहे? मे महिन्यात परभणी जंक्शनवर उभं असलेलं डिझेल आणि सप्टेंबरच्या झडीनंतर पूर्णेहून आलेलं तेच डिझेल, ही मॉडेल म्हणून दोन वेगळी कामं आहेत. मेमधल्या इंजिनाच्या छपरावर, पायऱ्यांवर आणि जाळ्यांच्या कडेला धूळ जमलेली असते, आणि उन्हाचा मारा जिथे थेट बसतो तिथे रंग विटलेला असतो. पावसाळ्यातल्या इंजिनाचा वरचा भाग धुऊन निघतो, धूळ ओघळांनी खाली उतरते आणि बोगी (म्हणजे चाकांचा सांगाडा), इंधनाची टाकी, बफर बीम (टोकाची आडवी तुळई) यांच्यावर चिखलाचे शिंतोडे उडतात. दोन्ही एकाच मॉडेलवर केलं की ते कुठलंच वाटत नाही. म्हणून तयारीच्या यादीत पहिलं नाव महिन्याचं लिहा आणि त्याखाली इंजिनाचं काम लिहा. परळीच्या औष्णिक केंद्रासाठी कोळसा ओढणारं इंजिन आणि रात्रीची एक्सप्रेस घेऊन जाणारं इंजिन सारखं मळत नाही.

त्यानंतर फोटो. दुसऱ्याच्या मॉडेलचे फोटो बाजूला ठेवा, खऱ्या इंजिनाचे जमवा. फलाटावरून, कुणाच्या कामाच्या आड न येता, दोन्ही बाजू, दोन्ही टोकं, आणि पादचारी पुलावरून छप्पर. छपराचा फोटो जवळ नसेल तर पुढे सगळा अंदाजच करावा लागतो, कारण मॉडेलकडे आपण नेहमी वरूनच बघतो. शेडमध्ये परवानगीशिवाय जाऊ नका. फोटोत मळ कुठे आहे हे बघताना तो कुठे नाही हेही नीट बघा. दांड्या हाताने घासून गुळगुळीत झालेल्या असतात, पायऱ्यांच्या कडा चकाकतात, चालकाच्या काचेपुरतं पुसलेलं असतं, नंबराची पाटी वाचता येईल इतकी स्वच्छ असते. माणसांचे हात रोज लागतात त्या या जागा. मॉडेलवर त्या मोकळ्या सोडल्या की इंजिन वापरातलं वाटू लागतं.

परदेशी व्हिडिओ बघून शिकलेले बरेच जण सगळीकडे नारिंगी गंज लावतात. आपल्या भागात वर्षातले सात-आठ महिने कोरडे. चालू इंजिनाच्या अंगावर इथे आधी रंग विटतो आणि धूळ चढते. गंजाचे रंग बहुतेक खालीच राहू द्या, बोगीवर आणि कपलरवर, म्हणजे डबे जोडायच्या आकड्यावर. ब्रेकच्या ठोकळ्यांची आणि चाकांची झिजून उडालेली लोखंडी भुकटी तिथे तांबूस-तपकिरी थर देते.

धुळीच्या रंगावर मी जास्त वेळ घालवायला सांगेन. मराठवाडा म्हटलं की काळी माती डोळ्यांपुढे येते आणि हात आपोआप काळ्या रंगाकडे जातो. पण ओल्या शेतातला तो काळा रंग रुळांवर नसतो. तीच माती वाळून हवेत उडाली की फिकट करडी-तपकिरी दिसते, आणि तिच्यात बेसाल्टच्या खडीची राखाडी भुकटी मिसळलेली असते. तेव्हा धुळीसाठी शुद्ध काळा कुठेच वापरू नका. राखाडीत थोडा मातकट तपकिरी, त्यात चिमूटभर पांढरा, एवढ्यावर जालन्यापासून नांदेडपर्यंतची धूळ निभावते. परळी-विकाराबाद मार्गावरचं इंजिन करत असाल तर बिदरच्या बाजूला जांभा लागतो, तिथे मिश्रणात तांबडा वाढवा.

खरी माती वापरायचा मोह होतो आणि तो चांगला मोह आहे, पण तिची तयारी करावी लागते. माती उन्हात खडखडीत वाळवा, खलात कुटा, वस्त्रगाळ करा. मग कागदात गुंडाळलेलं जोरदार लोहचुंबक तिच्यावरून पुन्हा पुन्हा फिरवा. आपली काळी माती बेसाल्टपासून झाली आहे आणि बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइटचे कण असतात. ते मॉडेलच्या मोटारीतल्या चुंबकाला चिकटले की इंजिन अडखळतं. चुंबकाला काही लागेनासं होईपर्यंत हे करा. दुसरं, ही माती वॉर्निशखाली गेली की ओली झाल्यासारखी गडद होते. म्हणून ती रुळांच्या कडेला, मॉडेल रेल्वेच्या मांडणीवर वापरा आणि इंजिनाच्या अंगासाठी सॉफ्ट पेस्टलच्या कांड्या पॉलिश पेपरवर घासून भुकटी करा. धुराच्या काजळीसाठी काळी पेस्टल चालते. समईवर वाटी उपडी धरून जमवलेली काजळीही सुंदर बसते, फक्त बोटाला लागली की सगळीकडे पसरते, म्हणून ती शेवटी काढा.

मॉडेल कोणतं घ्यायचं याचा हिशेब कागदावर करून मगच पैसे खर्च करा. १:८७ या प्रमाणात (मॉडेलवाले त्याला एचओ म्हणतात) रूळ १६.५ मिमीचा असतो, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर तेवढं असतं. आपली ब्रॉडगेज १६७६ मिमी, म्हणजे त्या प्रमाणात ती १९.३ मिमी व्हायला हवी. हा फरक बहुतेक जण चालवून घेतात, मीही घेतो. मात्र लातूरकडच्या कुणाला जुनी बार्शी लाइट रेल्वे करायची असेल तर गणित फार छान जुळतं: ७६२ मिमीची ती नॅरोगेज १:८७ मध्ये ८.८ मिमी होते आणि बाजारात मिळणारा ९ मिमीचा रूळ तिला जवळजवळ नेमका बसतो. मनमाड-काचीगुडा मार्गाची जुनी मीटरगेज करायची तर १२ मिमीचा रूळ शोधा, तो मिळवायला वेळ लागतो. अमेरिकन अल्को कंपनीच्या इंजिनाचं मॉडेल घेऊन, त्याची बॉडी बदलून डब्ल्यूडीएम-२ (आपल्या रेल्वेचं जुनं अल्को बनावटीचं डिझेल) करायचा विचार असेल तर आधी बोगी बघा. डब्ल्यूडीएम-२ च्या बोगीत तीन आसांमधली अंतरं सारखी नाहीत. जुन्या अल्को आरएसडी जातीच्या मॉडेलांना तशी बोगी असते, पुढच्या काळातल्या इंजिनांना नसते. डब्ल्यूडीएम-२ ची लांबी १७.१२ मीटर, म्हणजे एचओमध्ये १९७ मिमी. पट्टी लावून मोजा.

मॉडेल घरी आलं की लगेच उघडू नका. अर्धा तास पुढे, अर्धा तास मागे चालवून बघा. दोष असेल तर तो बॉडी उघडण्याआधीच कळायला हवा, कारण रंगवलेलं इंजिन कुणी परत घेत नाही. मग बॉडी काढताना प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्या, विशेषतः दिव्यांच्या आणि डीकोडरच्या (इंजिन चालवणाऱ्या चिपच्या) तारांचा. स्क्रू झाकणाच्या डब्यांत, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. बॉडी कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घालून मऊ टूथब्रशने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. त्यानंतर तिला उघड्या बोटांनी धरायचं नाही, बोटांचं तेल लागलं की रंग तिथे धरत नाही.

खरेदीसाठी मोठ्या शहरातल्या हॉबीच्या दुकानावाचून अडत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल, सुया नसलेल्या सिरिंज, कापसाच्या काड्या आणि हातमोजे औषधांच्या दुकानात मिळतात. चारशे, सहाशे आणि हजार नंबरचा पॉलिश पेपर हार्डवेअरवाल्याकडे. बारीक चिमटे आणि डोळ्याला लावायचं भिंग सराफा बाजारात सामान विकणाऱ्यांकडे उत्तम दर्जाचं मिळतं. पेस्टल आणि ब्रश स्टेशनरीत. डेकल (नंबर-अक्षरं उमटवायचे पातळ छापील तुकडे), डेकल मऊ करणारं द्रावण, मॉडेलचे अॅक्रिलिक आणि एनॅमल रंग मात्र बाहेरून मागवावे लागतात, तेव्हा ते महिनाभर आधी मागवा. थिनर घेताना जपा: गाड्या रंगवणाऱ्यांचं एनसी थिनर मॉडेलचं प्लास्टिक वितळवतं. एनॅमलसाठी टर्पेन्टाइन पुरे.

एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन, घेणार असाल तर ०.३ मिमीची सुई आणि टाकी असलेला कॉम्प्रेसर घ्या. दाब १५ ते २० पीएसआय, रंग दुधाइतका पातळ. टाकी असली की वीज गेल्यावरही हातातला थर पूर्ण करता येतो, आणि आपल्याकडे ही गोष्ट लहान नाही. एअरब्रश नसेल तरी थांबू नका. वॉश (खाचांत उतरणारा अगदी पातळ रंग), कोरडा ब्रश (जवळजवळ पुसलेला ब्रश कडांवर घासणं) आणि पेस्टल या तिन्हींनी फार पुढे जाता येतं, आणि पहिल्या इंजिनासाठी मी तेच सुचवीन. फवारताना वाफ रोखणारा कार्ट्रिजचा मास्क लावा. नुसत्या धुळीच्या मास्कने थिनरची वाफ अडत नाही. पेस्टलच्या भुकटीला तो साधा मास्क पुरतो.

कामाचा काळही यादीत धरा. एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळीस ओलांडतो तेव्हा रंग हवेतच वाळतो आणि बॉडीवर खरखरीत पीठ बसतं. करायचंच असेल तर पहाटे करा आणि रंगात रिटार्डर (रंग सावकाश वाळवणारं द्रावण) घाला. भर पावसाळ्यात हवेतल्या ओलाव्याने लॅकर वॉर्निश दुधाळ होतं. दसऱ्यापासून महाशिवरात्रीपर्यंतचे दिवस या कामासाठी सर्वांत चांगले. पावसाळ्यात फोटो, मोजमाप आणि खरेदी उरकली तर दिवाळीच्या सुट्टीत थेट रंगाला हात घालता येतो. पंखा बंद ठेवूनही हवा खेळती राहील अशी खोली निवडा, आणि बॉडी वाळताना तिच्यावर उपडं ठेवायला एक पारदर्शक डबा आधीच शोधून ठेवा.

सरावासाठी एखादी मोडकी बॉडी किंवा जुना डबा हवाच. पांढरे प्लास्टिकचे चमचेही चालतात, प्रत्येक मिश्रण आधी चमच्यावर. थरांचा क्रम भिंतीवर लिहून लावा, कारण कामाच्या भरात तो विसरतो. मूळ रंग, त्यावर चकाकणारं वॉर्निश, मग डेकल, मग पुन्हा वॉर्निशचा पातळ थर, मग वॉश, मग मॅट (चकाकी नसलेलं) वॉर्निश आणि सर्वांत शेवटी पेस्टल. डेकलखाली चकाकी का? मॅट पृष्ठभाग खडबडीत असतो, डेकलखाली हवा अडकते आणि नंबराभोवती चंदेरी कडा दिसते. अॅक्रिलिक रंगावर एनॅमलचा वॉश द्या, म्हणजे चुकलेला भाग टर्पेन्टाइनने पुसता येतो आणि खालचा रंग शाबूत राहतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल अॅक्रिलिक रंग उतरवतं, आणि लॅकरच्या मॅट वॉर्निशवर लागलं तर पांढरं धुकं धरतं, म्हणून त्याची बाटली या टप्प्यावर टेबलावरून उचलून ठेवा. पेस्टलवर पुन्हा वॉर्निश मारलं तर निम्मी धूळ नाहीशी होते. इंजिन रोज हाताळायचं असेल तर ते मारावंच लागतं, तेव्हा पेस्टल हवं त्याहून गडद लावा.

प्रत्येक जातीच्या इंजिनाचं थोडं वेगळं सामान काढून ठेवा. अल्को डिझेलला धुराड्याभोवती काजळी हवी, आणि आपल्याकडे इंजिन दोन्ही दिशांना धावतं म्हणून ती दोन्ही बाजूंना पसरवा. इंधन भरण्याच्या तोंडाखाली तेलाचा एखादा चकचकीत ओघळ, त्यासाठी चकाकणारं वॉर्निश राखून ठेवा. विजेच्या इंजिनाला काजळी नाही. तिथे पँटोग्राफची (वरच्या तारेतून वीज घेणाऱ्या छपरावरच्या सांगाड्याची) कार्बन पट्टी झिजून छपरावर काळपट भुकटी बसते, पण इन्सुलेटर स्वच्छ ठेवलेले असतात, ते टेपने झाकून घ्या. विजेच्या डब्ल्यूएपी-७ इंजिनाच्या पांढऱ्या अंगावर धूळ चटकन दिसते, म्हणून तिथे हात आखडता. वाफेच्या इंजिनाला पांढऱ्या क्षाराचे ओघळ लागतात, सेफ्टी व्हॉल्व्हजवळ आणि बॉयलर धुण्याच्या भोकांपाशी. घरच्या नळाच्या तोटीला बोअरच्या पाण्याने जो थर येतो तोच रंग घ्या. २०१६ साली मिरजेहून लातूरला पाणी आणणारी गाडी करायची असेल तर टाक्यांच्या व्हॉल्व्हखाली ओलसर चकाकी हवी, पहिल्या खेपेला १० वाघिणी आणि ५ लाख लिटर पाणी होतं. खंडेनवमीनंतरचं इंजिन करणार असाल तर बफर बीमवर कुंकवाचं बोट आणि सुकलेला झेंडू. हे मला फार आवडतं, आणि त्यासाठी लाल पेस्टलचा एक कण पुरतो.

चाकांसाठी वेगळी वेळ ठेवा. चाकाचा दर्शनी भाग रंगवायचा असतो, रुळाला लागणारी कड कधीच नाही, कारण वीज तिथूनच येते. इंजिन उलटं ठेवून तारांच्या चिमट्यांनी चाकांना हळू वीज द्या, चाक फिरू लागलं की ब्रश नुसता टेकवा, रंग सारखा बसतो. वॉर्निश मारताना गिअर आणि वीज घेणाऱ्या पत्र्या टेपने झाका. शेवटी कडा अल्कोहोल लावलेल्या काडीने पुसा.

मिश्रणाचं प्रमाण थेंबांत वहीत लिहा आणि उरलेला धुळीचा रंग लहान बाटलीत बंद करून ठेवा. मागे जोडले जाणारे डबे आणि वाघिणी त्याच धुळीने मळायला हव्यात, म्हणून त्यांच्या बोग्या आणि खालचे भाग इंजिनाबरोबर एकाच बैठकीत रंगवायला काढा. डबे नंतर कधीतरी करू म्हटलं की पुढच्या बाटलीत छटा बदलते आणि गाडी दोन प्रांतांतून जोडून आणल्यासारखी दिसते.