सही झाली, आता करार सांभाळायचा कसा?

सरकारी आरोग्यसेवा खासगी भागीदाराकडून चालवून घ्यायच्या करारावर सही होईपर्यंत सगळ्यांचं लक्ष असतं. मग फोटो निघतात आणि करारनाम्याची जाडजूड फाईल सरकारी बाजूच्या एखाद्या अधिकाऱ्याच्या टेबलावर येऊन पडते. त्या टेबलावर बसून मी बरीच बिलं तपासली आहेत. तिथे नव्याने बसणाऱ्यासाठी हे लिहितोय.

फाईल पहिल्या पानापासून वाचू नका, आधी परिशिष्टं उघडा. पैसे कशाचे द्यायचे आणि दंड कधी लावायचा, हे बहुतेक तिथेच असतं. दर चाचणीमागे पैसे मिळणार असतील तर चाचण्या वाढतात. माणशी ठरावीक रक्कम असेल तर खर्चिक रुग्णाला दुसरीकडे पाठवायची घाई होते. त्यासाठी कुणाची दानत वाईट असावी लागत नाही. म्हणून पैसे जिथे मोजले जातात, तिथेच तपासणी ठेवा.

डायलिसिसचं उदाहरण घ्या. बिलात फक्त महिन्याची एकूण सत्रं लिहिलेली असतात, ती बाजूला ठेवा आणि यंत्रवार नोंदवही मागवा. एक सत्र साधारण चार तासांचं, शिवाय दोन रुग्णांच्या मधे यंत्राचं निर्जंतुकीकरण. एका यंत्रावर एका दिवसात तीन सत्रं सहज बसतात. पाच दाखवली असतील तर नुसता रुग्णांचाच वेळ वीस तास होतो. मग सुरू-बंद केल्याच्या वेळा, रुग्णाचं आधीचं-नंतरचं वजन आणि सही, सगळं ताडून बघा. वजनाचे आकडे रोज सारखेच दिसले तर वही संध्याकाळी एकदम भरली जाते, असं समजायला हरकत नाही. अशी तपासणी न सांगता जाऊनच करायची.

रुग्णसंख्येची मर्यादा ओलांडली की काय होणार, हे सांगणारं कलम पेन्सिलने अधोरेखित करा. आफ्रिकेतल्या लेसोथो देशाच्या राजधानीतल्या, मासेरूच्या रुग्णालयाचा असाच करार १८ वर्षांचा होता. वर्षाला २०,००० आंतररुग्ण आणि ३,१०,००० बाह्यरुग्णांपर्यंत ठरलेली रक्कम, त्यापुढच्या रुग्णांचे पैसे वेगळे. रुग्ण वाढले, बिलं वाढली, वाद पेटले आणि २०२१ मध्ये सरकारने करार मुदतीआधीच संपवला.

आता आपल्या बाजूचं. बिल तीन-तीन महिने अडवून ठेवायचं आणि वर दंडाची नोटीस काढायची, हे चालणार नाही. भागीदाराचे पैसे अडकले की आधी औषधांचा साठा आटतो, मग कर्मचाऱ्यांचे पगार. वाद नसलेली रक्कम वेळेवर सोडा, वादाची तेवढी रोखा. असं कलम नसेल तर कराराच्या पहिल्याच दुरुस्तीत घालून घ्या. दंडही वेळच्या वेळी कापा, साठवून वर्षअखेरीस काढलात तर तो सौद्याचा विषय होतो.

भागीदारच बुडाला तर? जानेवारी २०१८ मध्ये ब्रिटनची कॅरिलियन ही बांधकाम कंपनी कोसळली आणि लिव्हरपूलच्या नव्या रुग्णालयाचं काम मधेच थांबलं. तेव्हा भागीदाराकडून सेवेचा ताबा सरकारने घेण्याचं कलम नुसतं असून भागत नाही, ते उद्या वापरायचं झालं तर कोण काय करेल हे लिहून ठेवा. यंत्रं कुणाच्या मालकीची, देखभालीचा करार कुणाच्या नावावर, सॉफ्टवेअरचा पासवर्ड कुणाकडे. रुग्णांच्या नोंदींची प्रत दर महिन्याला आपल्या संगणकावर घ्या आणि ती उघडते का, हे त्याच दिवशी बघा.